ओ

नारीनच्या कचेरीत दोनच खुर्च्या.
एकीवर तोक्तोसुन, दुसरीवर हीटर.
मी उभी.
"बुरुलाय, एकच काय ते निवड," तो म्हणतो,
"दोलोन खिंडीची जोडणी उपग्रहाची,
किलोबाइटमागे सोम मोजावे लागतात.
अंथरूण एवढंसं. पाय कुणाचे पसरायचे ते सांग."

एक रीत अशी, की दर पाच मिनिटांनी आपण हाक मारायची,
खिंडीतल्या स्विचने ओ द्यायची.
किती वेळ जागा आहेस, किती पाकिटं गेली, किती गळली?
विचारलं तेवढंच सांगतो.
त्याचा परवलीचा शब्द अजून 'पब्लिक'च,
म्हणजे दाराला कडी, आणि कडीला दोरी बाहेरून.

दुसऱ्या रीतीत
त्याला वाटेल तेव्हा तो बोलणार.
पंखा अडला.
पोर्ट सात पडला. पोर्ट सात उठला.
पोर्ट सात पडला.
रात्रभर,
आणि कुणी ऐकलं का, याची चौकशीसुद्धा नाही.
सातव्या पायरीवर नुसतं पुटपुटणं,
तिथून उतरत उतरत शून्यावर आकांत.
शून्यावरचं मी अजून काही वाचलेलं नाही.
वीज जाऊन आली की तारीख टाकतो
एक मार्च एकोणीसशे त्र्याण्णव.
त्या साली आमच्याकडे रूबल जाऊन सोम आला,
मी जन्मायची होते.

"मेलेला रोजनिशी लिहीत नाही," तोक्तोसुन म्हणतो.
"ओ आली नाही, की निदान कळतं."
मी म्हणते, दोन हाकांच्या मधे
तो सहा वेळा मरून उठला तर?
पडद्यावर हिरवाच ठिपका.
तोक्तोसुन हीटर खाली ठेवतो, खुर्ची माझ्याकडे सरकवतो.
हे त्याचं उत्तर असावं.

खिंडीवर ओमुरबेक असतो, बर्फ ढकलणाऱ्या यंत्रावर.
गेल्या जानेवारीत वायरलेसवर रोज दोनदा विचारायचो:
ठीक?
खरखर, मग: ठीक.
एप्रिलमध्ये त्याची वही खाली आली,
इंजिनाच्या तेलाने पानं चिकटलेली.
'ताप. हात थरथरतो.
कोल्हा आला, पाव दिला.
ताप.
आज रस्ता दिसला नाही, अंदाजाने गेलो.'
अकरा दिवस.
आणि त्या अकराही दिवसांपुढे आमच्या तक्त्यात
बावीस वेळा 'ठीक', माझ्याच अक्षरात.

खोटं तो बोलला नव्हता.
रस्त्याबद्दल विचारतोय असं त्याला वाटलं,
आणि रस्ता ठीक होता.

मी हाक निवडली.
फक्त तिच्यात एक प्रश्न वाढवला, पेटीतलं तापमान,
आणि 'पब्लिक' बदलून असा शब्द ठेवला
जो तोक्तोसुनला उच्चारता येत नाही.
तिसऱ्या पायरीपर्यंतचं ओरडणं खाली येऊ दे,
बाकीची बडबड तिथेच साठू दे एका कार्डावर;
रस्ता मोकळा झाला की ओमुरबेकच्या पिशवीतून येईल,
वहीशेजारी, थोडी ओली.
घड्याळही लावून दिलं. आता स्विच याच सालात राहतो.

संध्याकाळी वायरलेस उचलला.
ठीक?
खरखर. ठीक.
ताप किती?
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
मग तो म्हणाला, थर्मामीटर गाडीत आहे,
थांब,
बघून येतो.