किती मिरच्या

महाचायला खाडीच्या काठी, लाकडी पायांवर उभं घर.
रात्रीचे दोन वाजलेत.
सार्डिनच्या कारखान्यातून नोक अजून यायची आहे,
आणि प्रयून नूडल्स सोडवत बसलाय,
तेल लावलेल्या बोटांनी, एकेक पट्टी.
भिजलेल्या कागदांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या
तांदळाच्या रुंद पट्ट्या.
घाई केली की फाटतात,
हे त्याला साठाव्या वर्षी कळतंय.

पदार्थाचं नाव खी माव. म्हणजे दारुडा.
यात दारूचा थेंब नसतो.
कुणी म्हणतं, पिऊन आलेल्याची उतरावी म्हणून इतकं तिखट,
कुणी म्हणतं, पिणाऱ्यानेच एकदा
सापडेल ते कढईत लोटलं आणि जमून गेलं.
प्रयूनच्या घरी एवढा खल कधी झाला नाही.
दारुडा तो होता
आणि हे त्याचं जेवण होतं.

बावीस वर्षं त्याने हे फक्त खाल्लं.
दार वाजवायचं, भिंतीला टेकून बसायचं,
ताट पुढ्यात यायचं.
लम्दुआन बोलायची नाही,
खलबत्ता तेवढा बोलायचा.

ती आता रायोंगला, बहिणीकडे.
त्याने बाटली सोडली त्याला अकरा महिने झाले,
तिने त्याला सोडलं त्याला दोन वर्षं.
आज संध्याकाळी त्याने फोन लावला.
परत ये म्हणायला नाही, ते म्हणायला त्याला तोंड कुठे आहे.
एवढंच विचारलं,
मिरच्या किती घालायचीस?

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.
कोणत्या साली? ती म्हणाली.

लग्नानंतर पाच.
नोक झाली आणि तू चौथ्या दिवशी उगवलास, तेव्हा नऊ.
होडीचं इंजिन विकून आलास त्या रात्री मोजल्या नाहीत.
बोटं अशी पेटली होती
की सकाळी पोरीची वेणी घालता आली नाही,
मोकळ्या केसांनी शाळेत गेली, छडी खाल्ली.
आणि तू,
तू ताट चाटून म्हणालास, आज खरी चव आली.

मग भावाने टोमॅटो कितीला आहेत ते बोलले,
आणि फोन ठेवला.

आता गॅस मोठा. कढईतून धूर निघेपर्यंत थांबायचं.
लसूण आणि मिरचीचा ठेचा तेलात पडतो
आणि अख्खी आळी खोकायला लागते.
शेजारची सम्ली फळीवर लाटणं आपटते,
माणसं मारतोस का रे!
प्रयूनच्या नाकाडोळ्यांतून धारा.
हिरव्या मिऱ्यांचा घोस, कोंबडीचे तुकडे,
काळा सॉस, बोटभर ताडगूळ,
आणि त्या पट्ट्या, अलगद,
झारा खालून घालून, उलटून,
कडा जरा करपू द्यायच्या.
शेवटी काप्राव.
आपली तुळसच ती,
पण इथे तिच्यापुढे कुणी दिवा लावत नाही.
आच बंद करून मूठभर टाकायची,
ती डोळ्यांदेखत मलूल होते
आणि भिंतींपर्यंत दरवळते.

कढई दोनदा चढवली त्याने.
नोकच्या वाटणीला मिरच्या तीन.
आपल्या वाटणीला
त्याने मोजल्या नाहीत.

नोक आली. रबरी बूट पायरीवर काढले,
हातांना माशाच्या खवल्यांचा वास.
बापाचे लाल डोळे पाहिले
आणि जुन्या सवयीने जवळ जाऊन
त्याच्या तोंडाचा वास घेतला.
तो हलला नाही. श्वास सोडला
तिला नीट कळावा असा.
लसूण.

ती खाली बसली. त्याच्या ताटातली एक पट्टी उचलून तोंडात टाकली,
ठसका लागला, पाणी प्यायली, पुन्हा एक उचलली.
नाम प्ला कमी पडलंय, म्हणाली,
आणि बाटली
त्याच्याकडे सरकवली.