जंगम मालमत्ता

सोहारच्या पोलीस ठाण्यात मी हिशेब लिहितो.
साहेबांना दोन कुत्रे हवे होते.
मंजूर रकमेत, आजच्या भावाने,
बसत होता दीड.

अर्ध्या कुत्र्यासाठी कोळ्यांच्या संघाने दोनशे रियाल दिले,
शाळेतून एक डबा आला, नुसती चिल्लर.
उरलेलं खजूरवाल्या हमूदने,
अट एकच : पट्ट्यावर नाव हवं.
बाप-आजा-पणजासकट ते नाव
पट्ट्याला दोन वेढे घालूनही उरलं.

मार्चात रात्रीच्या विमानाने हॉलंडहून पिंजरे उतरले.
त्यातली थोरली फेमके.
हवालदार खलफानने तळहातावर लिहून आणलेलं डच
मोठ्याने वाचलं : बस. सोड. शोध.
तिने मान तिरकी केली,
बसली मात्र नाही.

रजिस्टरात तिला रकाना नव्हता.
हत्यारं, फर्निचर, वाहनं.
साहेब म्हणाले, वाहनांत टाक.
घसारा साडेबारा टक्के,
आठ वर्षांनी किंमत शून्य.
मी टाकलं. हात सवयीचा आहे.

जूनमध्ये बंदरावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं.
तिच्या पंजांसाठी मोजे मागवले, लाल, चार.
त्याचं बिल लावलं टायरखाली.

ऑगस्टात ऑडिटर आला, त्रिचूरचा, बारीक नजरेचा.
ओळीवर बोट ठेवून म्हणाला,
चारच? आणि स्टेपनी?

मी खिडकीकडे पाहिलं.
बाहेर जीपच्या सावलीत
ती एक मोजा
दातांनी ओढून काढत होती.