पान उलटणारा

अक्काला स्वरलिपी येते, मला येत नाही.
तिची मान हलली की मी पान उलटतो.
एवढंच माझं काम.
प्रत्येक पानावर वर तिचं नाव : वरलक्ष्मी चिलवेरी.

पियानो मिशनच्या शाळेनं काढून टाकलेला,
चादरींच्या गठ्ठ्यांवर उताणा पडून
टेम्पोतनं अशोक चौकात आला.
मे महिन्यात त्याच्या दोन पट्ट्या अडकतात.
अक्का दुरुस्त करत नाही,
त्या दोघींना वगळून लिहिते.
पुण्याच्या व्हायोलिनवाल्यानं विचारलं,
"हे काय नवीन तंत्र?"
ती म्हणाली, "ऊन."

आज चौघंही आलेत. घामानं गज निसटतात.
पंखा बंद, कागद उडतात म्हणून.
भिंतीपलीकडं येमुलांचा माग चालूच.
त्याला कोण गप्प करणार, ऑर्डर आहे.

तिसऱ्या भागात सगळे एकदम थांबतात.
तिथं कागदावर काहीच नाही,
अकरा मात्रा, कोऱ्या.
तेवढं मात्र मला वाचता येतं :
धागा तुटलाय, माग थांबलाय,
नायना गाठ मारतायत.

नंतर मी हळूच म्हटलं,
"अकरा फार होतात गं.
नायना चारात बांधायचे."

अक्कानं पेन्सिल कानामागं खोचली.
"शेवटच्या वर्षी अकरा लागायच्या.
तू भिवंडीला होतास."

व्हायोलावाल्या पोरीनं पाणी मागितलं.
माठातनं पेला भरेस्तोवर
माझे नऊ झाले होते.