मापात पाप नाही

एम्स, आयोवा. जानेवारीचा दुसरा आठवडा.
बाहेर उणे अठरा. किड्यांच्या खोलीत मात्र ऊब,
कारण हाडं साफ करणारे आमचे किडे
थंडीत जेवत नाहीत.

टेबलाच्या या टोकाला पर्ल. जिराफ, वय सव्वीस.
वर्तमानपत्रात तिच्यावर अर्धं पान आलं होतं.
तिसरीतल्या मुलांनी पाठवलेली कार्डं
व्हर्ननने फ्रिजवर चिकटवलीत,
एकात ती ढगाचा लचका तोडतेय.

त्या टोकाला एक राखाडी खार.
लिंकन वेवर, सायकलच्या दुकानासमोर
मीच उचलली, डब्याच्या पिशवीत घातली,
डबा हातात धरून आले.
तिला नाव नाही. चिठ्ठीवर तारीख
आणि माझी आद्याक्षरं.

मोज, व्हर्नन म्हणाला.
नव्या माणसाला तो हेच सांगतो,
लोरेटाने मला आधीच बजावलं होतं.

पर्लचा मणका वीतभर, उचलायला दोन हात.
सात.
खारीचा तुरीच्या डाळीएवढा,
चिमट्यात धरताना श्वास रोखावा लागतो.
सात.
पुन्हा मोजले, मिरजेच्या बाजारात वाढलेली मी,
दुकानदाराच्या शब्दावर घरी जात नाही.
सातच.
मापात पाप नाही. कुणीतरी
एकीचे ताणलेत, एवढंच.

आमच्याकडे मान म्हणजे मान
आणि मान म्हणजे मानही, मी व्हर्ननला सांगू लागले.
इंग्रजीत गेल्यावर त्याचे दोन तुकडे झाले
आणि मधे काहीच उरलं नाही.
तरी तो विचार करून म्हणाला,
मग पर्लला जास्त मिळाला असणार.
मिळाला. अर्धं पान.

कातडं काढण्याआधी मी खारीच्या पाठीवरून
बोट फिरवून पाहिलं होतं. पट्टे नाहीत.
इथल्या खारींना कुणी कुरवाळलं नाही,
कुठल्या सेतूवर यांनी वाळू सांडली नाही.
यांचा वाटा वेगळा: पुरायचं, आणि विसरायचं.
विसरलेल्यातून कधी ओक वर येतो.
तसा एक पर्लच्या कुंपणाबाहेर होता.
तिला सांभाळणारा माणूस सांगत होता,
रोज सकाळी हातभर जांभळी जीभ काढून
ती त्याच्याकडे झुकायची.
चौदा फुटांची बाई,
आणि चार बोटं कमी पडायची.
फांदीवर एखादी खार बसलेली असायचीच,
शेपटी पाठीवर घेऊन,
खात.

माझा चौथा-पाचवा झिजलाय.
डॉक्टरने फिल्म उजेडात धरली तेव्हा
मी आधी मोजले, मग घाबरले.
आई फोनवर म्हणते, मान मोडून काम करू नकोस.
आत्ता काय करतेयस?
खारीची मान धुतेय.
बराच वेळ नुसता समुद्र ऐकू आला.
मग, जेवलीस का?

आणि मला शिंक आली.
चिमटा रिकामा.
टेबलावर खारीचे सहा.

टॉर्च घेऊन तिघं गुडघ्यांवर.
व्हर्नन, सदुसष्ट वर्षांचा, हुंकारत,
लोरेटा कानातले डूल काढून खिशात ठेवून,
मी. आमचे एकवीस मणके टेबलाखाली,
माना खाली घालून, फरशीच्या फटी चाचपत.
वर्तमानपत्रात जिच्यासाठी एक ओळ आली नाही
तिच्या डाळीएवढ्या हाडापायी
अर्धा तास.

सापडलं ते वर.
पर्लच्या पाचव्या मणक्याच्या बोगद्यात,
जिथून सव्वीस वर्षं
उठ, वाक, जीभ काढ, असे निरोप
खाली-वर गेले असतील,
तिथे, कडेला लागून, उभं.

काढू?
व्हर्ननने चष्मा पुसला.
राहू दे, म्हणाला, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.