अठरा नाताळबाबा

खडकी बाजारातल्या झेरॉक्सवाल्यानं
शाई संपत आल्याचं सांगितलंच नाही.
पहिले दहा नाताळबाबा ठसठशीत,
मग दाढी पुसट, मग पट्टा,
शेवटच्या तिघांना तर नाकच नाही.
"नाक तुम्ही काढा," मी म्हटलं पोरांना,
जणू हे आधीपासून ठरलेलंच होतं.

बालवाडी आमची सकाळी नऊची.
डिसेंबर, म्हणजे फरशी गार,
सतरंजी दुहेरी घातलेली,
कानटोप्या काढायला कुणी तयार नाही,
आणि अठराही नाकं वाहती,
कागदावरची सोडून.

मेणखडूंची पेटी एक. बारा रंग.
लाल तेवढा पेरभर उरलेला.
ऑगस्टात राख्या, मग जास्वंदी, मग आकाशकंदील,
वर्षभर लालच झिजतो.
पांढरा मात्र नवाकोरा.
पांढऱ्याला कोण विचारतं!

तर लाल फिरवायचा ठरला.
एकेकानं फक्त टोपी रंगवायची
आणि शेजारी द्यायचा.
तेजलनं टोपी रंगवली, मग डगला, मग गाल,
मग स्वतःचं नख.
रुबिना थांबलीच नाही, हिरवा घेतला.
"ईदला माझा असाच होता," म्हणाली.
कौस्तुभनं हरणाला काळं केलं.
बोकड आहे म्हणे, दापोडीच्या पुलाखालचा.
शिंगं बघून मलाही वाटलं, असेल.

"बाई, बर्फाचा रंग कुठला?"
बर्फ मी तरी कुठं पाहिलाय
गोळेवाल्याच्या गाडीशिवाय!
म्हटलं, पांढरा.
"मग झालाच की," म्हणून इंद्रजित पाणी प्यायला गेला.
विभानं मात्र कालाखट्टा लावला,
तिला गाडी आठवली असावी.

जोएल साळवे शेवटी बसतो, भिंतीला टेकून.
त्याच्या घरी नाताळ खरा.
दारावर बांबूचा तारा, डब्यात करंज्या,
बोपोडीच्या गल्लीत रात्री गात फिरणारी मंडळी.
मला वाटलं, हा तरी लालसाठी भांडेल.
तो निळा घासत होता.
सबंध. टोपीपासून बुटापर्यंत. रेघेबाहेर जाऊन.
आणि छातीवर एक पिवळा चौकोन.

"अरे, हा तर पोलीस झाला!"
"नाही बाई. बिल्ला आहे तो."
मग त्यानं सांगितलं, मला कमी, खडूला जास्त:
पप्पा कल्याणीनगरला वॉचमन.
नाताळच्या रात्री सोसायटीवाले लाल डगला देतात,
कापसाची दाढी देतात,
गेटवर चॉकलेटं वाटायला उभं करतात.
दाढी खाजते.
डगला बाराला परत द्यायचा असतो.
"आत निळाच असतो ना, बाई.
आधी आतला काढतोय."

तोवर लाल त्याच्यापर्यंत पोचला.
डाळीएवढा. चिमटीत येईना.
त्यानं तो आडवा धरला
आणि निळ्यावरून हलका हलका फिरवला,
खालचं दिसत राहील इतपत.
जांभळट काहीतरी झालं. वांग्यासारखं.

रेघेबाहेर जाऊ नका, हे मी रोज सांगते.
आज नाही सांगितलं.

दुपारी दोरी बांधली, चिमटे लावले.
पर्यवेक्षिका आल्या,
हिरव्यापाशी थांबल्या, बोकडापाशी हसल्या,
वांग्याकडे बघून म्हणाल्या,
"याला रंगावर रंग चढवायला कुणी शिकवलं?"
मी म्हटलं, "घरी बघितलंय त्यानं."

झाडून घेताना सतरंजीच्या घडीत
लाल मेणाचा कण सापडला,
निम्मा कुणाच्या तरी टाचेला चिकटून गेलेला.
सुपलीत टाकवेना.
एक कागद जादा निघाला होता, बिननाकाचा,
तो पर्समध्ये होताच.
बसला उशीर होता.
थांब्यावर, पर्सचीच पाटी करून,
नखाच्या टोकानं मी त्याला नाक काढलं.

जरा वाहतं.