छातीइतकं पाणी

चौतीस वर्षं मी उभा होतो.
चार मागांच्या मधे, बारा तास,
फरशीवर नाही, त्या आवाजावर.
टॉवेल निघत राहिले, चादरी निघत राहिल्या
आणि गुडघ्यांतलं वंगण
कधी कुठल्या बीमवर गुंडाळून गेलं
ते मुकादमाच्या वहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, चालायला पाहिजे.
मी म्हणालो, चालता येत नाही म्हणून तर आलो.
मग पाण्यात चाला, म्हणाले.

पाण्यात!
ह्या सोलापुरात!
जिथं नळ पाचव्या दिवशी येतो, तोही रात्री तीनला,
आणि आमची अख्खी गल्ली बॅरलभोवती जागी असते.

होटगी रोडच्या दवाखान्यात, तळमजल्यावर,
काचेच्या दाराआड तो हौद. निळ्या फरशांचा. कोमट.
पोहता येत नाही, आधीच सांगून टाकलं.
तहसीन मॅडम म्हणाल्या,
"पोहायचं नाही, काका. उतरायचं फक्त."

पहिल्या पायरीवर घोटे.
दुसरीवर गुडघे; तिथं जरा थांबलो,
लग्नाच्या दारात नको असलेला पाहुणा थांबतो तसा.
तिसरीवर अंगातल्या कुणीतरी
डोक्यावरचं ओझं उतरवून ठेवलं.
छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा
सत्तर किलोचा मी पंचवीसेक किलो उरलो होतो.
हिशोब मॅडमचा.
मला एवढंच कळलं:
पाय टेकला, आणि पाय ओरडला नाही.

वडिलांचा खड्डा माग आठवला.
जमिनीत पाय सोडून बसायचे,
खाली अंधारात पावड्या दाबत दिवसभर चालायचे
आणि कुठंच पोचायचे नाहीत.
वर मात्र लुगडं वीतभर पुढं सरकायचं.
मीही खड्ड्यात उभा आहे, मीही कुठं पोचत नाही,
आणि कापडही निघत नाही.
आयुष्यात पहिल्यांदा
माझे पाय माझ्यासाठी चालतायत.

मॅडम मराठीत मोजतात,
मी मनात: ओकटी, रेंडू, मूडू.
दहाला दोघं बरोबर पोचतो.

शेजारी कलशेट्टी मास्तर, अर्धांगाचे.
त्यांचा डावा हात पाण्यावर तरंगतो,
कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा.
परवा त्याची करंगळी हलली.
सगळा हौद थांबला.
मास्तर कानडीत काहीतरी पुटपुटले.
मॅडमना कळलं नाही, मला कळलं,
ते मी सांगणार नाही.

"किती पाणी असतं त्यात?" घरी अंबव्वा विचारते.
मांडीवर सूप, हातात पान, कात्री चालू.
साठ हजार लिटर, मी म्हणालो.
कात्री थांबली.
पुष्कळ वेळानं: "रोज बदलतात?"
"नाही. तेच. गाळून गाळून परत."
"मग असू दे," म्हणाली,
"म्हणजे तेही कामालाच आहे."

काल नळ आला, तीन वाजून दहा मिनिटांनी.
काठी न घेता मी दारापर्यंत गेलो.
पाच पावलं. सहावं भिंत धरून.
पाण्याबाहेर अंग पुन्हा सत्तर किलोचं होतं, हेही खरं.

बॅरल भरलं.
झाकण लावायच्या आधी तिनं बांगड्या मागं सारल्या
आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.
रोज हजार विड्या वळणारी बोटं,
सकाळी ज्यांची मूठ होत नाही ती,
उघडली. मिटली. उघडली.
मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं,
जेवताना नुसतं बोललो असेन.
पाणी गार होतं. कोमट लागतं,
मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या.
मी काही बोललो नाही, मोजायला लागलो.
ओकटी. रेंडू.
"हे आता प्यायला नको," मधेच म्हणाली,
"भांड्यांना घेऊ."
घेऊ, म्हणालो.
मूडू.