तिसऱ्या रात्री तीळ

परवा पाऊस पडता पडता गोठला
आणि पहाटे मागच्या अंगणातलं मेपल अर्ध्यातून मोडलं.
आवाज असा, की जिन्यावरून कुणी कपाट सोडलं.
मग फ्रिजचं गुणगुणणं थांबलं.
इतकी वर्षं घरात कुणीतरी गुणगुणत होतं,
हे तेव्हा कळलं.

नॅशुआत वीज जाणं म्हणजे
परभणीत वीज जाणं नव्हे.
तिथे वेळापत्रक होतं: मंगळवार, सहा ते साडेनऊ.
कंदिलाची काच राखेने पुसून
आम्ही अंधाराची वाट बघायचो, पाहुण्याची बघावी तशी.
आणि वीज आली की गल्लीभर एकच आरोळी, आऽऽली!
जणू प्रत्येकाच्या घरची लेक माहेरी आली.

इथला अंधार आपापल्या घरात बसतो.
समोरच्या खिडकीत एक टॉर्च जिना चढतो,
विझतो.
झोपले असावेत.

आम्ही तिघं एकाच खोलीत.
शरयू बापाचा कोट घालून मेणबत्तीशी रसायनशास्त्र वाचते.
हेरंब तासातासाला गाडीत जाऊन बसतो,
फोन चार्ज करतो म्हणतो,
खरं तर सीटचा शेक घेतो.
दूध बाहेर बर्फात पुरलंय.
त्यातला विनोद काल सकाळीच संपला.

फोनवर मात्र मंडळ जागं:
रविवारी हळदीकुंकू होणार का?
चर्चच्या हॉलला वीज आहे?
जनरेटर आहे, पण कॉफीपुरता.
आमच्याकडे गरम पाणी आहे, चौघांच्या आंघोळी होतील,
टॉवेल आपापले आणा.
हा शेवटचा निरोप गंगाखेडकरांचा,
ज्यांच्याशी गणपतीत खुर्च्यांच्या भाड्यावरून
मी बोलणं टाकलं होतं.

तिळाचे दीडशे लाडू माझ्याकडे,
आणि शेगडी विजेची.
गूळ इतका कडक, की बत्ता मारला
तर बत्त्यानेच हात झटकला.

मग तिसऱ्या संध्याकाळी थिबोडो दारात,
ऐंशीच्या घरातले, कुत्र्याशी फ्रेंच बोलणारे.
लाकडाची शेगडी पेटवलीय, म्हणाले,
सूपबीप गरम करायचं असेल तर या.
सूप नव्हतं.
मी तीळ नेले.

त्यांच्या बिडाच्या तव्यावर तीळ तडतडले
तसा कुत्रा उठून बसला.
पॉपकॉर्न? त्यांनी विचारलं.
त्याचं धाकटं भावंड, मी म्हटलं.
पाकाची गोळी होते का, बघायला वाटीभर पाणी मागितलं,
तर ते चमचा घेऊन थेट दाराबाहेर गेले
आणि बर्फावर थेंब सोडला.
मेपलचा रस आटवताना आई असंच करायची, म्हणाले.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
थिजला. छान थिजला.

लाडू गरम असतानाच वळावे लागतात.
तीन दिवसांत पहिल्यांदा बोटांना चटका बसला
आणि इतकं बरं वाटलं
की मी हात आखडताच घेतला नाही.
त्यांचे लाडू चौकोनी होत होते.
रविवारी या, मी म्हटलं.
बायकांचा कार्यक्रम ना?
हो, पण खुर्च्या उचलायला माणसं लागतात.
ते विचारात पडले. कुत्र्याला आणता येईल का?

परतताना डबा कोटाच्या आत, पोटाशी,
अजून कोमट.
रविवारी सगळे कसे दिसतील ते डोळ्यांपुढे येत होतं:
पैठणीवर लोकरीच्या टोप्या,
कुणाचे केस तीन दिवसांचे,
वाण लुटताना तोंडातून वाफा,
आणि गंगाखेडकर, ज्यांना मला आधी
टॉवेल परत द्यायचा आहे. मी आणायला विसरणारच.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडची रांग उजळली,
एक, तीन, सात घरं.
आमची बाजू काळीच.
कुणी बाहेर आलं नाही.
मीच ओरडले, आऽऽली!
कुणाची का असेना.

एक खिडकी वर सरकली,
सगळं ठीक ना? कुणीतरी विचारलं.
ठीक आहे, म्हटलं,
आणि डबा कोटातून काढून जरा वर धरला
अंधारात,
जणू दिसणार होता.